मार्फत शेळी

यजमान दुकानात शिरले की माझे काका आधी पंखा बंद करायचे. पंखा चालू असला की यजमान आवाज चढवतात, आणि त्यांचा आवाज चढला की चिकपेठेतली अर्धी गल्ली आमच्या दारात गोळा होते, असा काकांचा अनुभव होता. म्हणून पंखा बंद आणि यजमान सुरू. घामाघूम होऊन आम्ही ऐकत बसायचो.

“तम्मा, स्वल्पच बोलतो,” अशी सुरुवात व्हायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तो मी. स्वल्प म्हणजे थोडंसं. हा कन्नड शब्द बंगळूरात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे वापरतात आणि बहुतेक जण पाळतातही. यजमानांचं स्वल्प सकाळी सुरू झालं तर काका आणि मी जेवायला आळीपाळीने घरी जायचो.

आमचं दुकान मण्यांचं, रिबिनींचं आणि प्लास्टिकच्या फुलांचं. घराणं बंगळूरात इतक्या पिढ्या मुरलेलं, की आम्ही भांडण मराठीत करतो आणि समेट कन्नडमध्ये. यजमान होते आमचे गिऱ्हाईक, आणि त्यांच्या आदिवासी जमातीचे पुढारी; कन्नडमध्ये यजमान म्हणजे कर्ता, म्होरक्या. पूर्वी ही माणसं रानात जाळी लावून पाखरं धरायची. शिकार बंद झाली, सरकारने त्यांना रानातून उचलून होसकोट्याच्या अलीकडे एका उघड्या माळावर आणून सोडलं, आणि तिथे त्यांची कॉलनी झाली. पाखरं गेली. मग ही मंडळी दारोदार प्लास्टिकची फुलं विकू लागली, आणि ती फुलं घ्यायला आमच्याकडे येऊ लागली.

जमातीचं नाव मी इथे घालत नाही. तशी मला ताकीद होती. “माझ्याबद्दल कधी लिहिलंस तर नाव घालू नको,” यजमान म्हणाले होते. “लोकांना वाटेल आम्ही सगळेच असे. बाकीचे चांगले आहेत.”

दिसायला उंच, काटकुळे, केसांची मानेवर गाठ. अंगात बारा महिने बँडवाल्याचा लाल कोट, त्याला सोनेरी बटणं आणि खांद्यावर झालर. कुठल्या तरी जुन्या बाजारात त्यांना तो मिळाला होता. पुढारी लांबून ओळखू आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ओळखू यायचेच, फक्त पुढारी म्हणून नाही. एकदा एका वरातीने त्यांना आपल्याच बँडचा म्होरक्या समजलं. यजमान सहज रस्ता ओलांडत होते. मागून वाजंत्री सुरू झालेली पाहून त्यांना वाटलं आपल्याला मान देताहेत, म्हणून ते ऐटीत पुढे चालू लागले. वरात त्यांच्या मागे. त्यांना यायचं होतं आमच्या दुकानात, तेव्हा वरातही आमच्या दुकानात आली. यजमानांनी घोडा थांबवला, नवरदेवाची काकांशी ओळख करून दिली, आणि मंगल कार्यालय तिकडे मागे राहिलं म्हणून कपाळ बडवणाऱ्या वधूपित्याला म्हणाले, “सरी सरी, आलाच आहात तर मंडपाला फुलं घेऊन जा. ही सुकत नाहीत.” काकांचा आयुष्यातला सगळ्यात मोठा विक्रीचा दिवस तो. तेव्हापासून पंखा बंद करताना काकांच्या कपाळावर आठी येईनाशी झाली.

आणखी एक सांगतो. इंदिरानगरात तेव्हा पुण्या-मुंबईकडची नवी मराठी मंडळी कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी येऊन राहू लागली होती. एका दारी यजमान टोपली घेऊन गेले. आतली बाई फोनवर मराठी बोलताना ऐकली, आणि त्यांनी लगेच आपली मराठी बाहेर काढली. ही मराठी त्यांनी आमच्याच दुकानात गोळा केलेली. त्यात त्यांची घरची, गुजरातीच्या वळणाची बोली मिसळलेली. परमुलखात दारावर मराठी ऐकून बाई हरखल्या. “प्लीज आत या ना, मला इथे बोलायला कुणीच नाहीये,” म्हणाल्या. असं यजमानांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी बाईंचा नवरा ऑफिसातून आला तेव्हा यजमान सोफ्यावर मांडी घालून कॉलनीतल्या दोन घरांमधलं कोंबडीचं भांडण सांगत होते. बाई एक बाजू घेऊन डोळे पुसत होत्या. पुढे बरेच दिवस त्या आमच्या दुकानात येऊन विचारायच्या, कोंबडी परत दिली का.

अशा माणसाला गप्प करणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची सासू.

त्यांच्यात चाल अशी, की जावयाने सासूला तोंड दाखवायचं नाही आणि ती ऐकत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. हा मान असतो. ती येताना दिसली की त्याने वाट सोडायची, डोक्यावरून पंचा ओढायचा, कशाच्या तरी आड व्हायचं. अगदीच अडलं तर मध्ये कुणी तरी घालायचं, माणूस किंवा जनावर, आणि त्याला उद्देशून बोलायचं. सासूही त्यालाच उत्तर देते. दोघांनाही सगळं ऐकू येत असतं, पण बोलणं झालेलं नसतं.

हे मला कळलं ते असं. यजमान एकदा काकांना देशाचा कारभार कसा चालवावा ते समजावत होते. हात वर गेलेला, वाक्य अर्ध्यावर, आणि माणूस नाहीसा. लाल कोट काउंटरखाली, फुलांच्या पोत्यामागे. दारात एक वाकलेली म्हातारी विडी ओढत उभी होती. तिने दुकानभर नजर फिरवली, पोत्याबाहेर राहिलेला एक पाय पाहिला, आणि थेट आमच्या काकांकडे बघून म्हणाली, “शेटजी, घरी दिवाबत्तीला तेल नाही, आणि कोणी तरी सकाळपासून इथे देश चालवतंय.”

पोत्यामागून आवाज आला, “काका, सांगा, तेल आणणारच होतो.”

“शेटजी, विचारा, कधी?”

“काका, सांगा, स्वल्प कामात होतो.”

काका डावीकडे बघत, उजवीकडे बघत, कुणालाच काही न सांगता मध्ये उभे. म्हातारी गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, घरी असताना तुम्ही मध्ये कोणाला घालता? यजमान पोत्यामागून बाहेर येत, कोट झटकत म्हणाले, “शेळीला.” काका त्या दिवशी कोणाशी फारसं बोलले नाहीत.

सासूबाईंना आपल्या या अधिकाराची पुरती जाण होती. कॉलनीच्या मधोमध एक चिंच होती, तिच्याखाली जमातीची पंचायत भरायची. भांडण कोंबडीचं असो की काडीमोडाचं, यजमान पणजोबांच्या जाळ्यापासून सुरुवात करायचे. माणसं पेंगायला लागली की कोणी तरी हळूच जाऊन सासूबाईंना कळवायचं. त्या काठी टेकत यायच्या आणि चिंचेखाली बसून विडी पेटवायच्या. यजमान पंचा ओढून झाडामागे. पंचायत निकाल लावून मोकळी. इतर ठिकाणी सभा संपवायला घंटा असते. त्यांच्याकडे सासूबाई होत्या.

हे असं सुखाने चाललेलं असताना ती तक्रार झाली.

कॉलनीच्या शेजारी गोदामं बांधणारा एक जमीनदार होता. कारखाने होसकोट्याकडे सरकत होते आणि माळाला भाव येत होता. त्याने वर लिहून दिलं की ही माणसं आदिवासी नाहीतच. शहरात फिरतात, सिनेमे बघतात, त्यांच्याकडे टीव्ही आहे, आणि त्यांचा पुढारी बँडमध्ये वाजवतो. चौकशी लागली. अधिकारी येऊन पाहणार, आणि आदिवासी नाहीत असं ठरलं तर जागा जाणार. शिवाय यजमानांच्या धाकट्या मुलीला त्याच वर्षी शिक्षिकेच्या कोर्सला आणि सरकारी हॉस्टेलला जागा मिळायची होती. ती कॉलनीतली पहिली दहावी पास. जमातीचा दाखला गेला की तीही जागा गेली.

तिनेच चौकशीची नोटीस बापाला वाचून दाखवली. बोली वेगळी आहे का, देव वेगळे आहेत का, चालीरीती वेगळ्या आहेत का, हे सगळं अधिकारी बघणार होता. तिथवर यजमान खूश होते, बोलायला भरपूर होतं. मग तिने शेवटचा मुद्दा वाचला. जमात बाहेरच्या माणसांपासून बुजते का.

“बुजते म्हणजे?”

“म्हणजे परका माणूस दिसला की आपण लाजतो का, अप्पा.”

“कोण?”

“आपण.”

हे मला तिनेच नंतर सांगितलं. यजमान कोट चढवून थेट चिकपेठेत आले. काकांनी पंखा बंद केला. यजमान स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच स्वल्प न म्हणता बोलले.

“तम्मा, मला लाजायला शिकव.”

हे काम माझ्याकडे येण्याला कारण होतं. आमच्या गणेशोत्सवाच्या नाटकांत मी कामं करायचो. एके वर्षी ऐन वेळी नवरी मुलगी झालो होतो, आणि मी लाजलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. ते मायेने लावले की हसू दाबायला, यात मी खोलात गेलो नाही. ही कीर्ती यजमानांपर्यंत पोचली होती.

तालमी दुकानातच सुरू झाल्या. काका अधिकारी, मी दिग्दर्शक. काकांनी दारातून यायचं, यजमानांनी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची, विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचं. काका आले. यजमानांनी मान खाली घातली, जमीन उकरली, आणि म्हणाले, “साहेब, चप्पल झिजली आहे तुमची. डाव्या बाजूने. मंडीत माझा एक ओळखीचा आहे…” मी टाळी वाजवून थांबवलं. काका पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आले. नाव काय, असं त्यांनी विचारलं. यजमानांनी नाव सांगितलं. वा, म्हटलं, जमलं. तेवढ्यात त्यांनी ते नाव का ठेवलं ते सांगायला घेतलं, आणि त्यात त्यांची आत्या आली, आत्याचा नवरा आला, त्याची म्हैस आली. मी म्हटलं, यजमान, तोंड मिटा. ते म्हणाले मिटतो, आणि तोंड मिटणं माणसाच्या तब्येतीला कसं वाईट ते उघड्या तोंडाने पटवू लागले.

“तुम्हाला जगात कोणाची लाज वाटते का?” मी थकून विचारलं.

“का वाटावी?” ते खरोखरच गोंधळले. “माणसंच तर आहेत सगळी.”

हा निकाल मी त्यांच्या मुलीला कळवला. ती पोरगी बापासारखी उंच आणि आजीसारखी मोजकी होती. म्हणाली, “अण्णा, नाटक कशाला करता? आज्जीला साहेबांशेजारी बसवा.”

मी त्याच दिवशी तालमी बंद केल्या.

चौकशीच्या दिवशी मीही कॉलनीत हजर होतो. चिंचेखाली अधिकाऱ्यांसाठी एक खुर्ची मांडलेली. झाडाला शेळी बांधलेली, कारण ती रोजच तिथे असायची. जीप आली. अधिकारी बनशंकरीकडे राहणारे, साधे, दमलेले गृहस्थ. अशा किती तरी खुर्च्यांवर बसून उठलेले दिसत होते. यजमान लाल कोटात पुढे झाले, साहेबांच्या गळ्यात आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा हार घातला, आणि मला जे भय होतं तेच झालं.

“साहेब, स्वल्पच बोलतो,” ते म्हणाले. “माझे पणजोबा…”

मी मुलीकडे बघितलं. ती झोपडीत गेली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली. साहेबांच्या शेजारी टोपली उलटी टाकून तिला बसवलं. पणजोबा हवेत लटकले आणि यजमान गेले. लाल कोट चिंचेमागे, कोटावर पंचा.

साहेब दचकले. “काय झालं त्यांना?”

“लाजले,” मी म्हटलं.

साहेबांनी कागदावर काही तरी लिहिलं. मला वाटलं, जिंकलो. इथे चहा आला असता आणि जीप गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुढचे प्रश्न कोणाला विचारायचे? समोर पुढारी नव्हता, म्हातारी होती. साहेबांनी तिच्याकडे वळून अदबीने विचारलं, “अज्जी, तुम्ही रानातल्याच ना?”

आम्ही या म्हातारीच्या गप्प करण्याच्या शक्तीचा विचार केला होता, बोलण्याच्या नाही. आजवर तिला ऐकायला सरकार आलं नव्हतं. तिने विडी कानावर खोचली आणि तोंड उघडलं ते उघडलंच. रानात कोण राहील, म्हणाली, जळवा असतात. मी म्हैसूर पाहिलंय, मद्रास पाहिलंय, मुंबईला समुद्र पाहिलाय. तो खारट आहे. थेटराच्या दारात मी फुलं विकली आहेत, आणि डोअरकीपर ओळखीचा, त्यामुळे सगळे सिनेमे पाहिलेत. टीव्ही लहान आहे, सरकार मोठा देतं का, विचारा. जमीनदाराने तक्रारीत जे जे लिहिलं होतं, ते ते ती आनंदाने सांगत होती, आणि साहेब ते सगळं लिहून घेत होते.

चिंचेमागे हुंकार ऐकू येऊ लागले. पंचा हलत होता. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. मी डोळ्यांनीच सांगितलं, आजीला ने. ती हळूच म्हणाली, आता ती उठणार नाही, साहेबांनी तिला अज्जी म्हटलंय.

आणि झाडामागून आवाज आला.

“ए शेळी.”

शेळीने मान वळवली.

“शेळी, त्या बाजूला जे कोणी बसलंय त्यांना सांग, समुद्राचं नंतर. रान सोडलं कसं, ते आधी सांगा.”

साहेबांचं पेन थांबलं. म्हातारीही शेळीकडे वळली.

“शेळे, त्या झाडामागच्याला सांग, रान सुटलं तेव्हा तो उघडा फिरत होता. मला काय शिकवतो?”

“शेळी, सांग त्यांना, म्हणूनच त्यांनी सांगावं. मला आठवत नाही. साहेबांना ऐकायचंय.”

“शेळे, विचार त्याला, जाळी जाळली तेही सांगू का?”

“सांगा म्हणावं.”

मग म्हातारीने शेळीला सांगितलं. गार्ड आले, जाळी गोळा केली, ढीग केला आणि पेटवला. तिचा नवरा जाळ्यासाठी आगीत हात घालायला गेला, त्याला धरून नेलं. ती देवीचं गाठोडं डोक्यावर घेऊन रानाबाहेरच्या सडकेपर्यंत चालत गेली. गाठोडं खाली ठेवायचं नसतं, म्हणून रस्त्यात कुठे बसली नाही. हे सगळं ती शेळीच्या डोळ्यांत बघून, पोर निजवताना सांगावं तसं सांगत होती. शेळी रवंथ करायची थांबली होती, असं मी आजवर सांगत आलोय. बहुधा थांबली नसेल.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग, चिंचेखाली बसलं की कोणालाही होतं तसं त्यांना झालं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि शेळीकडे बघून अगदी सरकारी आवाजात विचारलं, “मग या माळावर तुम्हाला कोणी आणलं?”

“शेळी, साहेबांना सांग,” झाडामागून उत्तर आलं, “तुमच्याच जीपने. तेव्हा तिचा रंग हिरवा होता.”

“शेळे, निळा होता म्हणावं,” म्हातारी म्हणाली.

“हिरवा.”

“तो उघडा होता म्हणावं, त्याला काय आठवतं?”

हा रंगाचा वाद मिटेपर्यंत साहेबांचे तीन-चार कागद भरले होते. देवीचं गाठोडं, सासूचा मान, लग्नात नवऱ्याकडून द्यायचं देज, पंचायत, सगळं शेळीला विचारून झालं आणि शेळीमार्फत आलं. मग शेळीलाच कंटाळा आला. तिने साहेबांच्या गळ्यातला हार धरला आणि ओढला. दावं सुटलं, हार तुटला, आणि शेळी अर्धा हार तोंडात घेऊन माळावर निघाली. आता यजमानांची अडचण झाली, कारण त्यांचं वाक्य अर्ध्यावर होतं. ते तोंडावर पंचा घेऊन तिच्या मागे धावले, काही दिसत नसल्यामुळे एका तट्ट्यावर आदळले, उठले, आणि लांबून ओरडून शेळीला उरलेलं वाक्य सांगत राहिले. म्हातारी हसून हसून टोपलीवरून घसरली. शेळीने फुलं चावून पाहिली आणि थुंकून टाकली. ही सुकत नाहीत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जीपपाशी साहेबांनी मला बाजूला घेतलं. “उत्तरं लिहिली आहेत,” ते म्हणाले. “उत्तर देणाऱ्याचं नाव काय लिहू?”

“यजमानांचंच लिहा.”

“बरं झालं,” ते खरोखर सुटल्यासारखे म्हणाले. “म्हणजे सहीचा प्रश्न मिटला.”

त्यानंतर कागद येईना. सरकारी कागद म्हणजे तो तसाही लवकर येत नाही, पण कॉलनीला वाटू लागलं की गेलीच जागा. म्हातारीच्या समुद्राने आणि सिनेमांनी घालवली. यजमान तसं बोलले नाहीत, पण आमच्या दुकानात येऊन स्टुलावर बसले की त्यांचं स्वल्प खरंच स्वल्प होऊ लागलं. काका मुद्दाम पंखा बंद करून वाट बघायचे.

मुलीकडून कळलं की म्हातारीने पंचायतीत येणं सोडलं होतं. माणसं पेंगली तरी कोणी तिला बोलवायला जाईना, बोलावलं तरी ती येईना. फक्त सकाळी उठली की दारात येऊन शेळीला विचारायची, “शेळे, कागद आला का, विचार.” आणि तट्ट्यापलीकडून यजमान म्हणायचे, “शेळी, नाही म्हणावं.” एवढंच. मग ती विडी न पेटवता आत जायची.

एका सकाळी तिने विचारलं नाही. यजमान तट्ट्यामागे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी शेळीलाच विचारलं, आज काय झालं. मुलीने आत जाऊन बघितलं, तेव्हा म्हातारी गेलेली होती. कॉलनीच्या कडेला, एका करंजाखाली तिला पुरलं.

त्यानंतर काही दिवसांनी यजमान दुकानात आले. लाल कोट, सोनेरी बटणं, सगळं जागच्या जागी. काकांनी पंखा बंद केला. यजमान स्टुलावर बसले आणि बोललेच नाहीत. काकांनी पंखा लावला, पुन्हा बंद केला. मी घाबरून पाणी आणलं. तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

जागा राहिली होती. दाखला कायम होता. मुलीचं हॉस्टेल पक्कं झालं होतं. अधिकाऱ्यांनी तो कागद स्वतः कॉलनीत आणून दिला होता, स्कूटरवरून, सुट्टीच्या दिवशी. यजमानांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, बुजण्याच्या मुद्द्यापुढे काय लिहिलंत? साहेब म्हणाले होते, “आढळलं, असं लिहिलं. कोण कोणाला बुजत होतं, ते वरून कोणी विचारलेलं नाही.”

“मग वाईट काय झालं?” काकांनी विचारलं.

“तिला कोण सांगणार?” यजमान म्हणाले.

मुलगी आज त्याच कॉलनीतल्या शाळेत शिकवते, हेडमास्तर झाली आहे. यजमानांनाही जाऊन पुष्कळ काळ लोटला. त्यांच्या मागे काय राहिलं असं कोणी विचारलं तर जागा राहिली, शाळा राहिली, आणि चिंचेला बांधलेली एक शेळी राहिली. तीच शेळी नव्हे, पण शेळी असतेच. त्या कॉलनीत आता सासू-जावई बोलतात, पण ज्यांचा अबोला आहे ते भाऊ, शेजारी, नवरा-बायको चिंचेखाली येतात आणि तिला सांगतात. पंचायतीकडे येणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात, असं मुलगी म्हणते. कोंबडीचंही तिथेच मिटलं. मी इंदिरानगरच्या बाईंना तसा निरोप दिला.

पण कागद दाखवला त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. यजमान मला दुकानातून उठवून कॉलनीत घेऊन गेले. करंजाखाली जमातीतली दोन-चार वडीलधारी मंडळी उभी होती. त्यांनी यजमानांना समजावलं, आता ती मेली आहे, आता मान संपला, आता जावयाने सरळ बोललं तरी चालतं. यजमानांनी कोट नीट केला. मातीच्या ढिगाकडे बघितलं. तोंड उघडलं. एवढी वर्षं साठलेलं किती तरी असेल, आता सुटणार, म्हणून आम्ही सगळे आपापल्या परीने उभे राहायची सोय बघू लागलो. त्यांनी तोंड मिटलं. पंचा डोक्यावरून पुढे ओढला, करंजाच्या मागे गेले, आणि तिथून विचारलं, “शेळी कुठे आहे?”

मुलीने धावत जाऊन शेळी आणली आणि मातीशेजारी उभी केली.

“शेळी,” झाडामागून आवाज आला, “सांग तिला, जागा राहिली. पोरगी हॉस्टेलला जाते आहे. आणि सांग, जीप निळीच होती.”

शेळीने कान हलवले. यजमानांनी जरा वेळ वाट पाहिली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण स्वल्पच सांग. जास्त सांगशील तर उत्तर द्यायला उठून बसेल.”